मोहाच्या झाडाखाली आग न लावता फूल वेचायचं कसं

पाला जाळला की जमीन साफ होते, फूल लांबून दिसतं, काम लवकर उरकतं. आमच्या गडचिरोलीकडं कित्येकजण हेच करत आले, मीही केलं. एका साली आग विझली समजून टोपली उचलली आणि घरी आलो. दुपारी वारा सुटला, टेकडीची अख्खी बाजू काळी झाली. तेव्हापासून माझ्या हातात खराटा आहे.

फाल्गुनात पानं गळली, की फूल पडायच्या आधी एकदा मोठी झाडलोट करा. बुंध्यापासून बाहेर झाडत जा, फांद्यांच्या घेराच्या दोन-तीन हात पुढपर्यंत. घाई नको. वाकून बघत राहिलात तर पाल्यात मोहाचं वीतभर रोप दिसेल, तीन-चार पानांचं. त्याच्याभोवती काड्या रोवा. आगीत आधी हेच जातं, म्हणून कित्येक रानांत मोह म्हणजे नुसती म्हातारी झाडं. पाल्याचा ढीग तिथं ठेवू नका, एका विडीनं पेटतो. धानाच्या बांधीत नेऊन टाका.

फूल पहाटेपासून ऊन चढेपर्यंत पडतं. हे अस्वलालाही ठाऊक असतं, तेव्हा फटफटल्यावरच निघा, दोघं-तिघं मिळून, मोठ्यानं बोलत. रोज वाकवत नसेल तर जुनी लुगडी किंवा हिरवी जाळी अंथरा, रोपं तेवढी सोडून. चार फुलं हरणांना राहू द्या. वाळवायचं काम सगळ्यांना येतंच.

एकट्यानं खराटा धरून भागत नाही, शेजारच्या झाडाखाली काडी पेटली की तुमचंही रान गेलं. हंगामाआधी ग्रामसभेत ठराव घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यानं रानात राहणाऱ्यांना गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून मोहफुलासारख्या रानातल्या उत्पन्नाची, मालकी दिली, तसंच सामूहिक वनाला बाध आणणारं काम थांबवायचा अधिकार कलम 5 नं ग्रामसभेला दिला. कागदापेक्षा आमच्याकडं जुनी वहिवाट जास्त कामी आली: कुठला मोह कुणाच्या घरचा, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. आमचा नियम साधा, ज्याच्या झाडाखाली काळं दिसेल, वणवा विझवायला पहिला तो.

आता एक फूल हातात घेऊन बघा. तळाला भोक दिसेल. फळ धरणारा भाग वर फांदीवरच राहिलेला असतो, त्याचीच पुढं टोळी, म्हणजे मोहाचं फळ-बी, होते. म्हणजे फूल वेचल्यानं झाडाचं काही जात नाही. जातं ते टोळी एकूण एक तेलाला नेल्यावर. चांगल्या झाडाची पसाभर टोळी बाजूला काढा आणि लगेच लावा. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, पुढच्या सालासाठी ठेवलेलं फुकट जातं. पहिला पाऊस झाला की बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचायचं आणि वर काटेरी फांदी टाकायची, गुरं तोंड लावत नाहीत.