ग्रुपवर बिबट्याचा फोटो आला, आता काय करायचं?

मुलुंड, बोरिवली, गोरेगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री फोटो पडतो, "आत्ता आपल्या गेटजवळ बिबट्या, मुलांना खाली सोडू नका", आणि बघता बघता तो सगळ्या नातेवाइकांकडे पोचलेला असतो. आता गोष्ट अशी आहे की संजय गांधी उद्यान म्हणजे साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्याला खेटून आरे कॉलनीची झाडी, बिबटे इथे खरंच आहेत, त्यामुळे फोटो बघून लगेच खोटाही म्हणता येत नाही आणि खराही.

आधी पाठवणाऱ्याला विचारा, तू स्वतः काढलास का, कुठे, किती वाजता. "मला पण आलाय" असं उत्तर आलं तर तो पुढे पाठवायचा नाही, बस.

मग फोटो झूम करा आणि अंगावरची नक्षी नीट बघा. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर भरीव ठिपके नसतात, तुटक काळ्या कड्यांची फुलं असतात आणि फुलाच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा जरा गडद असतो, भरीव ठिपके डोक्यावर, मानेवर आणि पायांवर. दोन बिबट्यांची नक्षी कधीच सारखी नसते, कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंत अभ्यासक याच्यावरूनच कोण कुठला ते ओळखतात. एआयने बनवलेल्या फोटोत ही फुलं बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेली दिसतात किंवा पायापर्यंत एकच डिझाइन गेलेलं असतं. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ दिसली तर तो चित्ता, म्हणजे फोटो मुंबईचा नाहीच. वाघ-सिंह असेल तरी तेच, इथे ते उद्यानात बंदिस्त आहेत.

प्राणी बघून झाला की मागचं बघा. दुकानाच्या पाटीवर जोडाक्षरं मोडलेली आहेत का, रिक्षाची नंबर प्लेट वाचता येते का, सावली बाकीच्या वस्तूंच्या सावलीच्या दिशेनेच पडलीय का. रात्री घाईत मोबाइलवर काढलेला फोटो सहसा दाणेदार, हललेला असतो, स्टुडिओसारखा चकचकीत असेल तर शंका घ्याच.

गूगल लेन्समध्ये टाका, जुना किंवा दुसऱ्या गावचा फोटो असेल तर बऱ्याचदा सापडतो. पण काही सापडलं नाही म्हणून खरा असं समजू नका, एआयने कालच बनवलेला तिथे कसा मिळणार?

तरी खात्री होत नसेल तर वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा. कारण अफवेने गर्दी जमते, आणि खरोखरच बिबट्या आसपास असला तर त्याची पळायची वाट बंद होते आणि घाबरून तो अंगावर येतो. दुसरं म्हणजे चार वेळा खोटं निघालं की पाचव्या वेळी खऱ्या सूचनेकडे कोणी लक्ष देत नाही. २०२२ मध्ये आरेत बिबट्याने एका चिमुरडीचा जीव घेतला, इतकं हे गंभीर आहे.

समोरच आला तर पळू नका, पाठ फिरवू नका, वाकू नका. लहान मूल असेल तर वाकायला न लागता कडेवर घ्या, ताठ उभे राहा आणि बिबट्याकडे बघत हळूहळू मागे सरका. व्हिडिओ काढायला थांबू नका.

आणि फोटो खोटा निघाला तर ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला रिप्लाय देऊन, का खोटा ते दोन ओळींत लिहा आणि पाठवणाऱ्याला तो सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा. वॉचमनकाकांनाही सांगा, रात्रभर गेटवर तेच असतात.