पावसाळ्यासाठी चामड्याचे बूट कसे तयार करावे आणि कसे टिकवावे

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे इथे चामड्याचे बूट दोन उलट कारणांनी खराब होतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे ते भिजून बुरशी येऊन जातात, तर माण-खटावकडे कोरडे पडून तडकतात. दुकानातून मेणाची डबी आणून फासली की दोन्ही प्रश्न सुटतात, असा समज आहे. प्रत्यक्षात मेण हे यातले सर्वात सोपे काम. बूट आधी स्वच्छ करणे आणि भिजल्यावर नीट वाळवणे यावरच सगळे अवलंबून असते, आणि बहुतेक लोक नेमके तेच टाळतात.

काम करायची योग्य वेळ मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर बूट पूर्ण वाळायला घरात जागा मिळत नाही. दुसरी फेरी पावसाळा संपताना, कारण दिवाळीच्या सुमारास बामणोलीहून होडीने वासोटा किल्ल्याच्या ट्रेकला जाणाऱ्यांची रांग लागते आणि तोवर बूट चार महिन्यांच्या ओलीतून गेलेले असतात.

आधी बूट कशाचा आहे ते ओळखा

गुळगुळीत, किंचित तेलकट आणि नखाने दाबल्यावर पुसट रेघ उमटणारे चामडे असेल तर ते बहुधा फुल ग्रेन, म्हणजे वरचा मूळ पृष्ठभाग तासून न काढलेले. त्याला मेण मानवते. मखमलीसारखा रवा असलेले नुबक किंवा सुएड असेल तर मेणाने तो रवा बसतो आणि रंग गडद होतो. त्यासाठी पाणी अडवणारा स्प्रे वापरा. स्प्रे मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात मारा, बंद खोलीत नको. त्याचे तुषार फुप्फुसात जाणे धोक्याचे असते.

तिसरा प्रकार आपल्या बाजारात सर्वाधिक दिसतो. एमआयडीसीत घालतात त्या स्वस्त सेफ्टी शूजचे चामडे वरून प्लास्टिकसारख्या थराने झाकलेले असते. त्यात मेण मुरतच नाही. अशा बुटांवर डबीभर मेण घासून काही होणार नाही, फक्त शिवणी आणि सोलची कड तेवढी भरा.

बुटाच्या आत गोअर-टेक्ससारखा पडदा असेल (जिभेवर किंवा घोट्याजवळ तसा टॅग असतो) तर जाड मेण लावू नका. पाणी अडवायचे काम तो पडदा करतोच. वरून मेणाचा थर बसला की पायाची वाफ बाहेर पडत नाही आणि मोजे घामाने भिजतात. मग माणूस म्हणतो बूट गळतो. अशा बुटांना पाण्यावर आधारित पातळ क्रीम पुरते.

गरज आहे का, हे पाहायला बुटाच्या पुढच्या भागावर पाण्याचे चार थेंब टाका. ते गोल राहून घरंगळले तर सध्या काहीच करू नका. दोन-तीन मिनिटांत डाग गडद होऊन पाणी आत शिरले तर पुढचे सगळे करा.

धुणे

लेस काढा, आतला सोल काढा. चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या आणि मग ब्रशने झटका. कास-यवतेश्वर बाजूची जांभ्याची तांबडी माती बारीक आणि खरखरीत असते. शिवणीत आणि जिभेच्या घडीत ती अडकून राहिली की प्रत्येक पावलाला दोरा कापत जाते. तिथे जुना टूथब्रश लागतो. उरलेले ओल्या फडक्याने आणि कोमट पाण्याने निघते.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका. चामडे मुळात थोडे आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी, आणि तो मातीबरोबर चामड्यातले तेलही ओढून नेतो. चिकट डाग असेल तर सॅडल सोप (चामड्यासाठीचा खास साबण) थोडासा घ्या, फेस पुसून टाका, भिजवत ठेवू नका.

वाळवणे

बुटांचे खरे नुकसान इथे होते. कमावलेल्या चामड्याच्या तंतूंमध्ये तेल आणि चरबी असते, त्यामुळे ते एकमेकांवर सरकतात आणि बूट वाकतो. चामडे भिजून झपाट्याने वाळले की हे तेल पाण्याबरोबर निघून जाते, तंतू एकमेकांना चिकटतात, आणि बोटांपाशी जिथे बूट रोज वाकतो तिथे तडा जातो. तो तडा मग कोणत्याही मेणाने भरत नाही. ओले चामडे जास्त तापले तर आकसतेही. शिवाय सोल चिकटवलेला गोंद उष्णतेने सैल पडतो.

म्हणून चुलीजवळ, शेगडीवर, पत्र्याच्या छपरावर किंवा मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकवून बूट वाळवू नका. हेअर ड्रायरही नको. सावलीत पंख्याखाली ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला. कागद ओला झाला की तो ओल उलट आतच धरून ठेवतो, त्यामुळे एकदा बोळे कोंबून विसरून जाण्यात अर्थ नाही. बूट उभा न ठेवता आडवा ठेवला तर तळालाही हवा लागते. साताऱ्यात जूनमध्ये एक-दोन दिवस पुरतात; महाबळेश्वरला जुलैत आठवडासुद्धा कमी पडतो. तिथल्या लोकांनी दोन जोड आलटून-पालटून वापरणे हाच व्यवहार्य मार्ग.

शिवण आणि मोची

मेण लावण्याआधी बूट उलटा-सुलटा करून शिवणी तपासा. कुठे दोरा सुटला असेल, सोलची कड उघडली असेल तर आधी मोच्याकडे जा. हा क्रम महत्त्वाचा, कारण एकदा मेण मुरलेल्या चामड्यावर गोंद धरत नाही. मेण लावून झाल्यावर सोल चिकटवायला नेलात तर मोचीकाका कडा कानशीने घासून वैतागतील आणि चार पावसात तो पुन्हा सुटेल. सोल चिकटवताना कडेने टाके मारून घ्यायलाही सांगा. नुसत्या गोंदावर आपल्या चिखलात भरवसा ठेवू नये.

तेल की मेण?

आपल्याकडे चामड्याला तेल पाजायची सवय जुनी आहे. कोल्हापुरी वहाणांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हेही जिल्हे आहेत. त्या वहाणा तेल पिऊन मऊ होतात आणि पायाला बसतात. तो अनुभव डोक्यात असल्याने घरातले मोठे बुटांनाही खोबरेल चोळायला सांगतात. पण वहाणेचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्यासारख्या वनस्पतींनी कमावलेले, जाड असते. बुटांचे चामडे बहुतेक वेळा क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले आणि पातळ असते. तेल जास्त झाले की ते लोळागोळा होते, घोट्याचा आधार जातो, वर धूळ चिकटते आणि दमट कोपऱ्यात बुरशीला खाद्य मिळते. नीट्सफूट तेलाचेही (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले, चामड्याला लावायचे तेल) तेच, अती झाले की चामडे ढिले पडते.

माण, खटाव, जतसारख्या कोरड्या भागात वर्षभर वापरलेल्या बुटांना मात्र आधी थोडे कंडिशनर (चामडे मऊ ठेवणारे क्रीम) द्यावे. चामडे पांढुरके, ताठ वाटत असेल तर फडक्यावर वाटाण्याएवढे घ्या, पातळ चोळा आणि एक रात्र मुरू द्या. पश्चिमेकडच्या लोकांना याची गरज क्वचित पडते. त्यांनी थेट मेणाकडे वळावे.

मेण म्हणजे मधमाशीचे मेण असलेली बूट वॅक्सची डबी. महाबळेश्वर हा मधाचा मुलूख, तिथले मांघर 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्यामुळे शुद्ध मेण आपल्याकडे मिळणे अवघड नाही. तरी घरी वितळवून मिश्रण करण्याचा खटाटोप मी सुचवत नाही. नुसते मेण कडक असते आणि वाकण्याच्या जागी पापुद्र्यांनी निघते. त्यात तेल किती घालायचे याचा अंदाज चुकला की वर सांगितलेला लोळागोळा. छोटी तयार डबी एका जोडाला दोन-तीन पावसाळे पुरते. साधे बूट पॉलिश चमक देते, थोडी ओल अडवते, पण धो धो पावसात त्याचा उपयोग नाही.

मेण लावणे

बूट पूर्ण कोरडा हवा. तो दहा-पंधरा मिनिटे कोवळ्या उन्हात ठेवा, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकाच. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, पण तितके तापवायची गरज नाही. बोटाच्या उबेने ते मऊ होते. म्हणूनच ब्रशपेक्षा बोट बरे.

सुरुवात मोकळ्या भागापासून न करता शिवणींपासून करा. पाणी आत येते ते टाक्यांच्या भोकांतून, जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घडीतून आणि चामडे सोलला जिथे मिळते त्या कडेतून. तिथे मेण अंगठ्याने दाबून भरा. मग उरलेल्या चामड्यावर पातळ हात फिरवा. रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्याने वरचे जादा मेण पुसून घ्या. हाताला चिकट लागत असेल तर अजून पुसा, नाहीतर वाटेतली सगळी धूळ त्यावर बसेल. दुसरा हात फक्त शिवणी आणि पुढच्या टोकाला. रंग थोडा गडद होतो, तो पूर्वीसारखा होत नाही. ज्यांना फिकट रंग जपायचा आहे त्यांनी आधी जिभेखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे.

इतके करूनही आषाढात कोयनेच्या खोऱ्यातला ओढा ओलांडलात तर बूट भिजणारच. पाणी वरच्या तोंडातून शिरते आणि वरच्या तोंडाला मेण लागत नाही. पँट बुटात न खोचता बाहेर ठेवा, किंवा गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचे आवरण) घाला. गुडघाभर पाण्याची वाट असेल तर मी चामड्याचे बूट घालूच नका म्हणेन. पटकन निथळणारे कापडी बूट तिथे बरे.

बुरशी आणि साठवण

पांढरी बुरशी दिसली की बूट घराबाहेर न्या आणि कोरड्या ब्रशने झटका. आत झटकलीत तर शेजारच्या जोडालाही लागेल. मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि पुन्हा पातळ मेण द्या. आतून वास येत असेल तर आतला सोल बदलणे स्वस्त पडते.

बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. कापडी पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, आणि माळ्यापेक्षा हवा खेळणारा कोपरा निवडा.

शेवटी सोल. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या फोमचा असतो. दमट हवेत तो न वापरताही आतून तुटत जातो, त्यामुळे कपाटात चार-पाच वर्षे नवेकोरे पडलेले बूट पहिल्याच ट्रेकला सोल सोडतात. हंगामाआधी तो थर अंगठ्याने दाबून पाहा. भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड डोंगरावर नेऊ नका, आधी सोल बदलून घ्या. दाबून काही कळले नाही तर बूट घालून अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरची एक फेरी मारा, जिथून फसगत झाली तरी रिक्षाने घरी येता येते. लांबच्या वाटेवर पिशवीत दोन हात मजबूत दोरी ठेवा. सोल सुटला तर तो बुटाच्या मधोमध आणि टोकाशी आवळून बांधता येतो. गाठ वरच्या बाजूला घ्या, खाली राहिली तर दगडावर घासून तुटते.