किक ड्रम आणि बास अ‍ॅम्पसाठी मायक्रोफोन निवडताना

किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) मायक्रोफोन एका दिवशी आणि बास गिटारच्या अ‍ॅम्पचा दुसऱ्या दिवशी, असे स्वतंत्रपणे पारखण्याची पद्धत रूढ असली, तरी ही निवड एकत्रच करावी असे माझे मत आहे. बावीस इंची किक ड्रमचा मूळ स्वर, हेड (ड्रमचा पडदा) किती ताणले आहे त्यानुसार, बहुधा ५० ते ७० हर्ट्झच्या आसपास असतो आणि चार तारांच्या बासवरील सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते. दोघांची ओढ एकाच अरुंद पट्ट्याकडे असल्यामुळे गाण्याचा तळ, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, कोणी धरायचा, हे मायक्रोफोन हातात घेण्यापूर्वीच ठरवावे. बास लांब, खालचे स्वर धरून ठेवत असेल, तर किककडून बीटरचा (पेडलच्या ठोक्याचा) ठळक आघात घ्यावा. बासवादक वरच्या स्वरांत सतत फिरत असेल, तर तळ किकला द्यावा.

किकसाठी खास घडवलेल्या डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या) मायक्रोफोनांमध्ये एकेजी डी११२, शुअर बीटा ५२ए आणि ऑडिक्स डी६ हे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या आवाजात एक प्रकारचा इक्यू (आवाजाचे ठरावीक पट्टे वाढवणे-घटवणे) आधीच बसवलेला असतो: खालचा भाग फुगवलेला, मधला भाग, म्हणजे ज्या पट्ट्यात किक खोक्यासारखी वाजते तो, कमीअधिक दबलेला आणि बीटरचा आघात पुढे आणणारा उंचवटा वर. बीटा ५२एचा हा उंचवटा ४ किलोहर्ट्झच्या सुमारास आहे, तर डी६मध्ये मधला भाग सर्वांत जास्त खणलेला आहे. रॉक किंवा मेटलसाठी हे सोयीचे ठरते; परंतु जॅझच्या मोकळ्या, गुंजणाऱ्या किकला हा घडवलेला आवाज शोभत नाही आणि ध्वनिमुद्रणानंतर तो पुसून टाकणेही कठीण जाते.

म्हणून एकच मायक्रोफोन घेण्याइतके पैसे असतील, तर मी १९६८ सालच्या इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० किंवा १९६० पासून चालत आलेल्या सेनहायझर एमडी४२१ या घराण्यांकडे वळेन. दोन्ही किकवर चालतात आणि बास अ‍ॅम्पवर तर अधिकच खुलतात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, मायक्रोफोन स्पीकरच्या जवळ नेला की खालचे स्वर आपोआप फुगतात. आरई२०च्या रचनेत हा फुगवटा फार कमी असल्याने कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या) अगदी जवळ ठेवूनही आवाज गढूळ होत नाही. एमडी४२१वर खालचे स्वर टप्प्याटप्प्याने कापणारी पाच स्थानांची कडी आहे. बाससाठी ती पूर्ण आवाजाच्या स्थानावर आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. आदल्या सत्रात कोणीतरी ती फिरवून ठेवलेली असण्याची शक्यता नेहमीच असते.

कंडेन्सर (विद्युतभारित पातळ पडद्याचा, अधिक संवेदनशील मायक्रोफोन) वापरायचा असल्यास तो किती ध्वनिदाब सोसतो, हा पहिला प्रश्न. नॉयमान यू४७ एफईटी १३७ डेसिबलपर्यंत आणि पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावल्यास १४७ डेसिबलपर्यंत तग धरतो, त्यामुळे तो किकच्या पुढच्या हेडसमोर सुमारे फूटभर अंतरावर, त्या हेडच्या भोकातून येणाऱ्या हवेच्या झोतापासून थोडा बाजूला ठेवता येतो. ड्रमच्या आतल्या उशीवर सपाट ठेवायचा शुअर बीटा ९१ए आघात स्वच्छ टिपतो, मात्र भरीवपणासाठी त्याला दुसऱ्या मायक्रोफोनची जोड लागते. रिबन मायक्रोफोन किकच्या भोकासमोर कधीही ठेवू नये. हवेच्या एका झोताने त्यातली आवाज टिपणारी धातूची पातळ पट्टी ताणली जाऊ शकते.

बास कॅबिनेटमध्ये अनेक स्पीकर असतील, तर बेताच्या आवाजात प्रत्येकाजवळ कान नेऊन सर्वांत निकोप वाटणारा निवडावा. स्पीकरच्या कोनच्या (शंकूसारख्या पडद्याच्या) मध्याकडे आवाज धारदार, कडेकडे मऊ होत जातो. कॅबिनेटला पोर्ट (हवा बाहेर सोडणारे भोक) असेल, तर तळाचा बराच भाग तिथून बाहेर पडतो. अशा वेळी मायक्रोफोन कोनला चिकटवण्याऐवजी फूटभर मागे घ्यावा.

बासचा डीआय सिग्नल, म्हणजे मायक्रोफोनशिवाय वाद्यातून थेट घेतलेला सिग्नल, सोबत घेतलाच पाहिजे. मात्र मायक्रोफोन स्पीकरपासून ३० सेंटीमीटर दूर असेल, तर त्याचा आवाज डीआयपेक्षा जवळजवळ ०.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि केवळ या उशिरामुळे ५७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही सिग्नल एकमेकांना खोडू लागतात. बोटांचा स्पर्श आणि स्वरांची स्पष्टता याच भागात असते, म्हणून बास पोकळ वाटला की इक्यूला हात लावण्याआधी मायक्रोफोनचा ट्रॅक तेवढा आधी वाजेल असा सरकवावा. किकवर आत व बाहेर असे दोन मायक्रोफोन असतील, तर एकाची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटवून दोन्ही स्थिती ऐकाव्यात आणि बास चालू असताना जिच्यात तळ अधिक भरीव लागेल ती कायम करावी.