अमेरिकेच्या कॉलेजचा मेल आला, पेढे आणायचे का?

फेब्रुवारीत कोथरूडला बहिणीकडे एक मेल आला. भाचीनं अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात अर्ज केला होता आणि त्यांनी आईबाबांच्या उत्पन्नाचे कागद मागवले होते. "घ्यायचंच नसेल तर फॉर्म १६ कशाला मागतील?" असं भाऊजी म्हणाले, आणि संध्याकाळी चितळ्यांचे अर्धा किलो पेढे आले. मार्चअखेर नकार.

मी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात उभी नोकरी काढली. फाइल पुरी झाली म्हणजे कर्ज मंजूर झालं असं नसतं. तिथंही तसंच आहे. ज्यानं आर्थिक मदत मागितली त्याच्याकडून कागद मागवतात, मग पुढे घेवोत न घेवोत.

भरवसा ठेवावा अशी आगाऊ खूण म्हणजे 'लाइकली लेटर'. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आपला निकाल मार्चअखेर लावतात. पण जे विद्यार्थी त्यांना हातचे जाऊ द्यायचे नसतात, त्यांना आधीच असं पत्र धाडतात. यातली बरीच पत्रं खेळाडूंना जातात, आणि त्यांना ती १ ऑक्टोबरपासून मिळू शकतात. बाकीच्यांना आलंच तर बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहुतेकांना येतच नाही आणि तरीही प्रवेश मिळतो, म्हणून न आल्याचं सुतक पाळू नका.

पत्र आलं तर मजकूर सावकाश वाचा. पाठवणारं अ‍ॅडमिशन ऑफिसच आहे ना? कोचचा गोड मेल म्हणजे पत्र नव्हे. 'तुमची निवड होण्याची दाट शक्यता आहे' अशा अर्थाचं वाक्य हवं, आणि त्याच्या शेपटाला अट असते: अभ्यास आणि वागणूक अशीच राहिली तर. ही अट पाळली तर प्रवेश पक्का धरायला हरकत नाही. पत्र तुम्हाला मात्र बांधून घेत नाही, बाकीचे अर्ज चालू ठेवा. कुणी 'सीट राखायला' आत्ताच पैसे मागत असेल तर सरळ डिलीट करा.

माजी विद्यार्थ्यानं मुलाखत घेतली? तो जिथं उपलब्ध, तिथं मुलाखत. त्यात काही वाचू नका. कॉलेजच्या अर्जाच्या पोर्टलवरचा रंग बदलला, रकाना गायब झाला, यावर रात्र रात्र चर्चा करणारी मुलं मी पाहिली आहेत. कुंडली दाखवली तरी तेवढंच कळेल.

अटीचं मात्र गंभीरपणे घ्या. बारावीच्या प्रिलिमचे मार्क 'मिड-इयर रिपोर्ट'मधून तिकडे जातात आणि बोर्डाचा निकालही नंतर मागवतात. पत्र आलं म्हणून केमिस्ट्री सोडून दिलेल्या मुलाचा प्रवेश काढून घेऊ शकतात.

निकालाचा दिवस आपल्याकडे पहाटेच उजाडतो. तिकडे पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात म्हणजे मार्चअखेर आपले पहाटेचे साडेचार, आणि लवकरच्या फेरीत अर्ज केला असेल तर डिसेंबरात साडेपाच. पर्वती चढणारी मंडळी बूट घालत असतात तेव्हा घरी लॅपटॉप उघडलेला असतो. पासवर्ड मुलीलाच टाकू द्या, आणि मागे चारजण उभे राहू नका. आम्ही पाच होतो.