ग्रो लाइट लावूनही कळी नाही? या चुका टाळा

कलांचो या कुंडीतल्या फुलझाडाला वर्षभर पानं फुटतात, कळी मात्र धरत नाही. मग लाल-जांभळा ग्रो लाइट (झाडांच्या वाढीसाठीचा दिवा) आणला जातो, तो रात्री उशिरापर्यंत चालू राहतो, आणि फुलणं आणखी लांबतं.

कलांचो, शेवंती आणि पॉइन्सेटियाला कळी धरायला सलग लांब रात्र लागते. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश (सुमारे ६६० नॅनोमीटर) ओळखतं. मध्यरात्री थोडा वेळ जरी लाल प्रकाश पडला, तरी झाडाच्या हिशेबी रात्र मोडते. वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढऱ्या) बल्बातही लाल भाग भरपूर असतो, त्यामुळे रात्र मोडायला गॅलरीतला साधा दिवासुद्धा पुरतो. शेवंतीचे शेतकरी हेच मुद्दाम करतात: रात्री बल्ब लावून झाड वाढीत ठेवतात आणि दांडा पुरेसा लांब झाला की बल्ब बंद करतात.

तेव्हा आधी रात्र तपासा. कुंडीजवळ वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील तर तिथला उजेड जास्त आहे. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका उपडा घाला, सांध्यांना काळी टेप लावा. हे सलग सहा आठवडे करायचं. मध्ये दोन-चार दिवसांचा खंड पडला तर कळ्या लांबतात. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा. खोका काढून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर काही उपयोग नाही. गुलाब किंवा आफ्रिकन व्हायोलेटवर हा प्रयोग करू नका, त्यांचं फुलणं रात्रीच्या लांबीवर अवलंबून नसतं. पिटुनियाला तर उलट लांब दिवस मानवतो.

दुसरी तक्रार: झाड लांबुडकं होऊन कलतं. इथे सगळे रंगाला दोष देतात. निळा प्रकाश कमी पडला की पेरं लांबतात हे खरं, पण घरात बहुतेक वेळा उजेडच कमी असतो. छताची ट्यूब दोन मीटरवर असेल तर तिचा रंग कुठलाही असो, झाड ताणणारच. ६५०० केल्विनची (थंड पांढऱ्या उजेडाची) २० वॅटची साधी एलईडी ट्यूब शेंड्यापासून २०-३० सेंटीमीटरवर आणा आणि प्लग टायमर लावून रोज १२ तास चालू ठेवा (खोक्यातल्या झाडांना फक्त खोक्याबाहेरच्या वेळात). शेंड्याची पानं फिकट पडली तर ट्यूब थोडी वर घ्या. लांबलेली जुनी पेरं आखूड होत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी नव्या पेरांवर पट्टी लावून बघा.

दिव्याच्या पाकिटावरचे लुमेन (उजेडाचं माप) बघून दिवा घेण्यातही फसगत होते. लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत प्रखर वाटतो. म्हणून लुमेन जास्त म्हणजे झाडाला उपयोग जास्त, असं नाही.

जांभळा दिवा वाईट नाही, पण त्या प्रकाशात पिवळं पडलेलं पान आणि पांढरा पिठ्या ढेकूण (झाडावरची कीड), दोन्ही नजरेतून सुटतात. पाणी घालताना तो बंद करून पांढऱ्या उजेडात पानांची खालची बाजू बघा.