वाळवंटातल्या सरड्यांचे अहवाल लिहिताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत बसून थरच्या वाळवंटावर लिहिणारे लोक आता बरेच आहेत. पाहणी होते जैसलमेर-बारमेरला किंवा कच्छच्या बन्नीत, आकडे येतात एक्सेलमध्ये आणि मसुदा तयार होतो घोडबंदर रोडवर नाहीतर बेलापूरच्या एखाद्या ऑफिसात. असे मसुदे तपासणं हे माझं काम आहे. लिहिणारे हुशार आणि मेहनती असतात, तरी काही चुका हमखास होतात आणि त्या थेट संवर्धन आराखड्यात उतरतात. इथे मुख्यतः सांड्याबद्दल लिहितो आहे. हा काटेरी शेपटीचा, पाला-गवत खाणारा, बिळात राहणारा सरडा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘व्हल्नरेबल’, म्हणजे धोक्याच्या वाटेवर असलेला, आहे.

बिळं मोजली, सांडे लिहिले

सगळ्यात मोठी चूक हीच. पाहणीच्या तक्त्यात समजा ४० बिळं आहेत. मसुद्यात येतं, ‘या भागात ४० सांडे आहेत.’ एका बिळात साधारणपणे एकच मोठा सांडा राहतो, त्यामुळे हा हिशेब बरोबर वाटतो. पण सोडून दिलेली बिळंही जमिनीत बराच काळ टिकतात. उलट, हिवाळ्यात सांडा आतून मातीने तोंड बुजवून घेतो. वरून बघणाऱ्याला ते बीळ निकामी वाटतं आणि जनावर आत असतं. म्हणून क्षेत्रीय टीमला विचारा: तोंडाशी ताज्या लेंड्या होत्या का? वाळूवर शेपूट ओढल्याची रेघ होती का? की कोळ्याचं जाळं आणि वाऱ्याने आलेला कचरा होता? मग वाक्य असं होईल: ‘मार्चमध्ये, सकाळी ९ ते ११, स्वच्छ उन्हात, २ किलोमीटरच्या ट्रान्सेक्टवर (पाहणीसाठी आखलेल्या सरळ पट्ट्यावर) ४० बिळं आढळली; त्यांपैकी २६ बिळांवर वापरात असल्याच्या खुणा होत्या; १५ सांडे प्रत्यक्ष दिसले.’ आकडे उदाहरणादाखल आहेत, पण महिना, वेळ, हवा आणि खुणा यांतलं काहीही गाळू नका. पुढच्या वर्षीची टीम याच वाक्याच्या आधाराने तुलना करणार आहे.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात कासवांची गणना करताना काही कासवांना रेडिओ ट्रान्समीटर लावलेले असतात. पाहणी चालू असताना त्यांतली किती बिळाबाहेर किंवा दिसण्याजोगी आहेत हे तपासून अंदाज दुरुस्त केला जातो. आपल्याकडे ती सोय नसेल तर नसू दे, पण ‘हा आकडा दिसलेल्या प्राण्यांचा आहे, एकूण संख्येचा नाही’ हे एक वाक्य लिहायला काहीच लागत नाही. ‘आढळला नाही’ याचंही तेच. किती तास, कुठल्या ऋतूत शोधलं हे सोबत नसेल तर त्या जागेवर सोलर प्रकल्प आणू पाहणारा ‘प्राणी नाही’ असंच वाचेल.

जुनं नाव, जुनी अनुसूची

सांड्याचं शास्त्रीय नाव पूर्वी युरोमॅस्टिक्स हार्डविकी होतं, आता सारा हार्डविकी आहे. संदर्भ शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर जुनं निम्मं काम हातातून जातं. मोहावीच्या कासवांबाबत तर आणखी जपावं लागतं. २०११ साली त्या जातीच्या दोन जाती झाल्या. कोलोरॅडो नदीच्या उत्तर-पश्चिमेची कासवं वेगळी मानली गेली. त्याआधीचे आकडे जसेच्या तसे उचलले तर दोन जातींची सरमिसळ होते.

कायद्याच्या परिच्छेदात सर्रास कॉपी-पेस्ट दिसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी २०२२ च्या दुरुस्तीने त्यातल्या सहा अनुसूचींच्या (संरक्षित जातींच्या वगैरे याद्यांच्या) चार झाल्या आणि हा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या अहवालातली अनुसूची न तपासता उचलू नका.

हिरवं म्हणजे चांगलं नव्हे

ठाण्याजवळच्या येऊरच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला जैसलमेरचा उघडा माळ उजाड वाटणारच. मग शिफारशीत ‘वृक्षलागवड करून हरित पट्टा’ येतो. सांड्याला हवी ती नेमकी हीच मोकळी, ऊन पडणारी, विरळ गवताची कडक जमीन. वेडी बाभूळ पसरली की ती जमीन जाते. शिफारस लिहिण्याआधी क्षेत्रीय टीमकडून त्याच ठिकाणचे फोटो मागवा आणि बिळं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा.

‘जनजागृती करावी’ हेही तसंच. कोणी, कुठल्या गावात, कधी? सांड्याची शिकार मांसासाठी आणि तेलासाठी होते, म्हणजे पकडणारा आणि विकणारा हे दोन वेगळे लोक आहेत. दोघांसाठी एकच शिफारस पुरणार नाही.

लोकेशन उघड करू नका

बिळांचे अचूक अक्षांश-रेखांश सार्वजनिक अहवालाच्या परिशिष्टात देणं म्हणजे पकडणाऱ्याच्या हातात नकाशा देणं. यात मी कुठलीच सवलत मानत नाही. पूर्ण आकडे वनविभागाला स्वतंत्र फाइलमध्ये द्या. छापील आणि ऑनलाइन प्रतीत मोठ्या चौकटींचा नकाशा पुरे. फोटोंची मूळ फाइल वेगळी दिली तर तिच्यातही जीपीएस नोंद असू शकते, तेव्हा ती काढूनच पाठवा, आणि फोटोखालच्या ओळीत ढाणीचं (वाळवंटातल्या वस्तीचं) किंवा विहिरीचं नाव राहिलं नाही ना, हे प्रूफ वाचतानाच बघा.