डीएम लोकांसाठी: पाण्याखालची फाईट कशी चालवायची

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोलप्ले गेम) मधे पाण्याखालची फाईट आली की बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) जमिनीवरच्यासारखीच चालवून मोकळे होतात आणि प्लेयर्सना कळतच नाही की आपण समुद्रात आहोत. खरं तर फिफ्थ एडिशनचे नियम छोटे आहेत, मी 2014 च्या पुस्तकातले सांगतोय.

स्विम स्पीड नसेल तर प्रत्येक फुटाला दोन फूट मूव्हमेंट जाते, म्हणजे 30 स्पीडवाला (एका टर्नला 30 फूट चालणारा) 15 फूटच पोहतो. त्याने डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, स्पिअर, ट्रायडेंट सोडून दुसऱ्या कशाने जवळून वार केला की डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे 20 बाजूंचे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. लांबून मारलं तर नॉर्मल रेंजच्या पुढे थेट मिस, रेंजच्या आत पण धनुष्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, क्रॉसबो आणि फेकायचे भाले चालतात. पूर्ण बुडालेल्या सगळ्यांना फायर डॅमेज अर्धं. हे प्लेयर्सना आधीच सांगा, प्लीज! ग्रेटसोर्डवाल्या फायटरला बंदरावर भाला विकत घ्यायची संधी मिळाली पाहिजे, नाहीतर त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं.

आता श्वास. सगळ्यांना वाटतं खरी भीती ह्याचीच, पण हिशोब करून बघा, 1 अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या दमाचा आकडा) इतकी मिनिटं श्वास रोखता येतो, +2 असेल तर 3 मिनिटं, एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) 6 सेकंदांचा म्हणजे तब्बल 30 राउंड, आणि फाईट तर चार-पाच राउंडमधे आटपते. शिवाय तिसऱ्या लेव्हलचा वॉटर ब्रीदिंग स्पेल आला की दहा जणांची 24 तासांची सोय होते. त्यामुळे दर राउंडला श्वास मोजत बसू नका.

मजा आहे ती खोली आणि अंधारात. गढूळ पाण्यात 10 फुटांपलीकडचं दिसत नाही असं धरा आणि त्यात साहुआगिन (माशासारखे समुद्री राक्षस) सोडा. त्यांचा स्विम स्पीड 40, ते खालून येतात, एक वार करून परत अंधारात जातात, आणि ज्याचे हिट पॉइंट्स जरासुद्धा कमी झालेत त्याच्यावर जवळून वार करताना त्यांना अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, दोन फाशांतला मोठा आकडा धरायचा. म्हणजे पहिली जखम झाली की सगळी पार्टी (प्लेयर्सचा गट) जखमीला मधे घेऊन गोल करते, कोणी न सांगता. वर 120 फुटांतले शार्कसुद्धा ते हुकमावर नाचवतात, पण लो लेव्हल पार्टी असेल तर हे जपून.

खोली दाखवायला प्रत्येक मिनीच्या (पात्राच्या छोट्या मूर्तीच्या) शेजारी एक डी6 (सहा बाजूंचा फासा) ठेवा, एक ठिपका म्हणजे 5 फूट खाली. अंतर काढताना आडवं आणि उभं यातलं जे जास्त तेच धरायचं, भूमिती नको.

दोन गोष्टींवर वाद होतोच, त्या आधीच ठरवा. एक, लायटनिंग पाण्यात पसरते का? पुस्तकात तसं काही नाही, पसरवू नका, नाहीतर विझार्ड एका स्पेलमधे फाईट संपवतो. दुसरं, श्वास रोखून मंत्र कसा म्हणायचा? इथे माझ्या टेबलवर हाऊस रूल आहे, बोलून करायचा प्रत्येक स्पेल एक मिनिट श्वास खातो. वॉटर ब्रीदिंग असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल तर त्या 3 मिनिटांत तीनच स्पेल, आणि मग कास्टर प्रत्येक वेळी दहादा विचार करतो, आत्ता टाकू की वर जाऊन श्वास घेऊ.